दक्षिणेचा धागा

20 जानेवारी

आज आम्ही बारा जणांनी मिळून 114 झाडं काढली. अंघोळ झाली, जेवण झालं, तरी बोटं नीट मिटत नाहीत. पण आजचं आजच लिहून ठेवायला हवं.

जागा टूसान शहराच्या आग्नेयेला. आठवड्याभरात तिथे बुलडोझर लागतील, मग रस्ते होतील, मग घरं. अ‍ॅरिझोनाच्या कायद्याप्रमाणे जमिनीवरची रानझाडं हटवण्याआधी मालकाला राज्याच्या शेती खात्याला कळवावं लागतं. जमीन जितकी मोठी तितकी मुदत जास्त, 20 दिवसांपासून 60 दिवसांपर्यंत. कळवून मुदत संपली की स्वतःच्या जमिनीवरची झाडं चिरडायला तो मोकळा. म्हणजे कायद्याने मिळते ती फक्त सवड. त्या सवडीत आमच्यासारखे लोक कुदळी घेऊन पोचतात. इथली निवडुंगप्रेमींची संस्था 1999 पासून हे काम करते आहे. मालकाची संमती, खात्याचा परवाना, प्रत्येक झाडाला खात्याची चिठ्ठी, आणि त्यानंतरच जमिनीला हात.

माझ्या वाट्याला एक बॅरल कॅक्टस आला. गुडघ्याएवढा उंच, घागरीच्या पोटासारखा फुगीर. कडेचे काटे बारीक, राखाडी. प्रत्येक झुबक्यात मधोमध एक चपटा, तांबडा काटा, टोकाशी माशाच्या गळासारखा वळलेला. झाड दक्षिणेकडे झुकलेलं. ज्या अंगाला ऊन जास्त तिथली वाढ मंद, सावलीचं अंग थोडं पुढे सरकतं, म्हणून ही झाडं वर्षानुवर्षं दक्षिणेला कलत जातात. इथले जुने लोक त्याला होकायंत्रच म्हणतात.

आमच्या गटाचे प्रमुख ऐंशीच्या घरातले आहेत. त्यांचा पहिला नियम: आधी धागा, मग कुदळ. दक्षिणेकडच्या एका काट्याला निळ्या लोकरीचा धागा बांधायचा. झाड पुढे कुठेही गेलं तरी तो काटा दक्षिणेलाच यायला हवा. उत्तरेकडच्या अंगाला कडक उन्हाची सवय नसते. ते अचानक दक्षिणेला आलं तर भाजतं, आधी पिवळं आणि मग पांढरट पडतं, आणि तो डाग झाडाच्या अंगावर कायमचा राहतो.

धागा बांधला. हातभर अंतर सोडून गोल चर मारला. वर मुरूम होता, वीतभर खाली चुनखडीचा थर लागला. पहार मारली की दगडावर मारल्यासारखी खणकन वाजते आणि झिणझिण्या खांद्यापर्यंत येतात. एवढ्या मोठ्या झाडाची मुळं खोल असतील असं मला पूर्वी वाटायचं. ती खोल नसतातच. चार बोटं मातीखाली, आडवी, करंगळीएवढी जाड, जिकडे ओल मिळाली तिकडे लांबवर पळालेली. वर्षाकाठी 11 इंचांच्या आसपास पाऊस पडतो तिथे खोल जाऊन मिळणार काय? वरच्यावर मिळेल तेवढं घटाघटा पिऊन घ्यायचं. मी आणि एका निवृत्त परिचारिकेने जुन्या गालिच्याची पट्टी झाडाच्या कमरेला गुंडाळली, दोन्ही टोकं धरली आणि बाळंतिणीला उठवावं तसं हळूच कलतं केलं. एक मूळ तुटल्याचा आवाज आला, काकडी मोडल्यासारखा. मग झाड आमच्या हातात आलं.

एका पालो वेर्दे झाडाच्या सावलीत वीतभर उंचीचा सवारो निवडुंग सापडला. पहिल्या आठ वर्षांत हे झाड इंच-दीड इंच वाढतं, म्हणजे हे वीतभर पोर पंधरा-वीस वर्षांचं तरी असणारच. उघड्यावर रुजलेला सवारो क्वचित जगतो. पालो वेर्दे, मेस्कीट असल्या झाडांच्या पायाशी त्याला सावली मिळते, हिवाळ्यात थोडी ऊब मिळते, ससे-उंदरांपासून लपायला जागा मिळते. ते झाड त्याची दाई. पोराला आम्ही उचललं. दाई मागेच राहिली. तिच्या नावाचं लेबल कुणाच्याच पिशवीत नव्हतं.

21 जानेवारी

काटे काढण्यात सकाळ गेली. मोठे काटे दिसतात तरी. छळतात ती फड्या निवडुंगाची कुसळं, केसाहून बारीक, झुबक्याने घुसणारी. गोंद चोपडायचा, वर पातळ कापड दाबायचं, वाळलं की सोलून काढायचं. ह्यांनी चष्मा लावून माझी डावी तर्जनी साफ केली.

माझ्याकडे सांभाळायला आलेली 19 झाडं मागच्या अंगणात सावलीला आडवी ठेवली आहेत, मुळं उघडी. शेजारीण विचारत होती, पाणी का घालत नाहीस? लहानपणापासून पाहिलेलं असं की रोप लावलं की पहिला तांब्या तिथल्या तिथे. इथे नेमकं उलटं. कापलेल्या मुळाची जखम आधी सुकू द्यायची, त्यावर गंधकाची पूड, आठवडा-दोन आठवडे कोरडं. ओल्या जखमेत बुरशी शिरली की झाड आतून कुजतं, आणि वरून हिरवंगारच दिसत राहतं.

3 फेब्रुवारी

आज डोंगरउतारावर गवत उपटायला गेलो होतो. इथे त्याला बफेलग्रास म्हणतात. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तुरा हातात धरून उभीच राहिले होते. हे तर अंजन! मामाच्या गावाला, नगरकडे, माळावर हेच. दुष्काळात जनावरं ह्याच्यावर तगायची. मामा म्हणायचा, अंजन आणि मारवेल माळावर असलं की गाय आटत नाही. अजूनही आपल्याकडे कुरणं करताना मुद्दाम पेरतात.

इथे ते 1930 च्या दशकात चाऱ्यासाठी आणि माती धरून ठेवायला आणलं. माती धरली, सगळंच धरलं. सोनोरन वाळवंटात झाडं एकमेकांपासून अंतर ठेवून उभी असतात, मध्ये उघडी जमीन. वीज पडली, एखादं झुडूप पेटलं, तर ते तिथल्या तिथे विझायचं. अंजनाने मधली जागा भरून टाकली. आता ठिणगी पडली की आग उतारभर धावते, आणि जळून झाल्यावर अंजन बुडख्यापासून पुन्हा फुटतं. सवारोला आगीची सवयच नाही. बुंध्याशी भाजलेला सवारो लगेच पडत नाही, काही वर्षं उभ्याउभ्या मरत राहतो.

दिवसभरात मी सव्वाशे बुडखे पहारीने काढले. मामाची आठवण सारखी येत होती. पण ते त्याच्या माळावर चांगलं, इथे नाही. हात थांबू दिला नाही.

11 फेब्रुवारी

झाडं लावली. निम्मी खडी, निम्मी माती. बॅरलचा धागा धरून तो फिरवत दक्षिणेला आणला. उचलण्याइतका हलका झालेला नाही. तीन आठवडे पाण्याविना, पण बरगड्यांना सुरकुतीसुद्धा नाही. वीतभर सवारो आमच्या अंगणातल्या पालो वेर्देखाली लावला. त्या झाडाला मी मनाशी मावशी म्हणते.

बाकीची झाडं वाढवायला आणि मग विकायला. त्या पैशांतून पुढची काढणी. काही झाडं सार्वजनिक बागांत जातात.

10 मार्च

माझा स्वतःचा संग्रह 340 कुंड्यांचा आहे. आज दिवसभर त्यांची माती बदलली, आणि बदलता बदलता सगळा हिशेब डोळ्यांपुढून गेला.

पहिला कॅक्टस मी पुण्यात घेतला, एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनात, कॉलेजात असताना. खाली हिरवा दांडा आणि वर लालभडक गेंद. नाना पेठेतल्या आमच्या गॅलरीत ठेवला, आणि दोन वर्षांत तो गेला. पुढे कळलं की त्या लाल गेंदात हरितद्रव्यच नसतं. खालच्या दुसऱ्या जातीच्या दांड्यावर कलम करून तो जगवलेला असतो, आणि ती सोबत फार टिकत नाही. तरी खूळ लागलं ते तिथेच. टूसानला आलो तेव्हा मला स्वर्गात आल्यासारखं झालं होतं. मग एक घेतलं, दहा घेतली, मामिलारियाच्या जाती जमवायला लागले, मग दुर्मीळ काय मिळतं ते शोधायला लागले.

त्या शोधात आरिओकार्पस आला. काटे नसलेला, दगडासारखा दिसणारा, मेक्सिको आणि टेक्सासच्या चुनखडीच्या रानात जमिनीलगत बसणारा कॅक्टस. एका विक्रेत्याकडून घेतला, पुष्कळ पैसे मोजून. बियांपासून वाढवलेला आहे असं त्याने सांगितलं आणि मी मान्य केलं. मला तो हवा होता, म्हणून मान्य केलं. वर्षभराने कुंडी बदलताना त्याला उलटं धरलं आणि पोटात गोळा आला. बियांपासून कुंडीत वाढलेलं झाड अंगाने स्वच्छ असतं, एकसारखं. ह्याच्या कडेच्या गाठी झिजलेल्या, एका अंगाला जुन्या दगडाचा दाब बसून खळगा पडलेला, बुडाशी बुचासारखी खरखरीत साल, आणि गाजरासारखं सोटमूळ मध्येच फावड्याने तिरकं छाटलेलं. छाटलेल्या जागी मूळ जमिनीची पांढरी पूड अजून चिकटून होती. कितीतरी दशकं एका जागी बसलेलं झाड कुणीतरी उपटून आणलं होतं, आणि मी त्याचे पैसे दिले होते.

विक्रेत्याला विचारलं, उत्तर आलं नाही. पुढच्या काही आठवड्यांत मी वाचत गेले. जवळजवळ सगळी कॅक्टस कुळी साइट्स ह्या वन्य जीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराखाली येते आणि आरिओकार्पस तर त्याच्या पहिल्या, सर्वांत कडक यादीत आहे. 2015 मध्ये 1478 जातींची तपासणी झाली तेव्हा 31 टक्के जाती धोक्यात निघाल्या. त्यांतल्या जवळजवळ निम्म्यांच्या मागे जी कारणं लागली आहेत त्यांत शौकिनांसाठी होणारी उचल आहे. 2020 मध्ये इटलीत एका संग्राहकाकडे चिलीच्या आटाकामा वाळवंटातून उपटलेली हजाराहून जास्त झाडं सापडली. पुढच्या वर्षी त्यांतली आठशेहून अधिक चिलीला परत पाठवली. इथल्या सवारो राष्ट्रीय उद्यानात चोरी ओळखता यावी म्हणून सवारोंच्या अंगात सूक्ष्म चिप घालतात. चोर आणि मी ह्यांच्यातला दुवा म्हणजे माझी हौस.

तेव्हापासून दुर्मीळ म्हणून काही घेत नाही. बियांपासून वाढवलेलं असेल आणि वाढवणारा समोर उभा असेल तर घेते. काढणीला जायला लागले ते त्याच वर्षी. तो आरिओकार्पस अजून माझ्याकडे आहे. कुठल्या टेकडीवरचा हे माहीत नाही, तर परत नेणार कुठे? दर शरदात मधोमध गुलाबी फूल येतं. त्याच्यापुढे मी फार वेळ उभी राहू शकत नाही.

14 एप्रिल

जानेवारीत आणलेल्या हेजहॉग कॅक्टसना फुलं आली. जांभळट गुलाबी, आत हिरवा तारा. एक हेजहॉग गेला. मीच घाईने पाणी घातलं होतं, लावल्यावर चौथ्या दिवशी. वरून ठीक दिसत होता, बोट लावलं तर आत पाणी.

22 मे

रात्री साडेनऊला सवारोची फुलं पाहायला गेलो. ह्यांनी विजेरी धरली, मी दुर्बीण. फूल मेणासारखं पांढरं, पेल्याएवढं. रात्री उमलतं, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मिटतं. तेवढ्यात मेक्सिकोहून आलेली वटवाघळं, पहाटे पांढऱ्या पंखांचे पारवे, मग मधमाश्या. वास मला पिकल्या खरबुजासारखा आला.

एक मेलेला सवारो आडवा पडला होता. मांस गळून आतल्या लाकडी पट्ट्या उरलेल्या, छत्रीच्या काड्यांसारख्या. त्यांच्यात एक कडक, तपकिरी वस्तू सापडली, बुटाच्या आकाराची. सुतार पक्षी सवारोत ढोली करतो तेव्हा झाड त्या जखमेभोवती चिवट कातडं आणतं, म्हणजे आतला ओलावा गळत नाही. झाड कुजून गेलं तरी ते कातडं तसंच राहतं. पूर्वी इथले लोक त्यात पाणी, धान्य ठेवत. मी बोट आत फिरवून पाहिलं, वाळक्या दुध्यासारखं लागलं. जिथे होतं तिथेच ठेवलं.

24 जून

आज सान हुआनचा दिवस. टूसानची जुनी मेक्सिकन कुटुंबं आजपासून पावसाची वाट पाहतात. आपलं मृग लागून गेलं, इथे अजून धूळ. पारा 42 अंशांवर.

सवारोची फळं पिकली. फुटून उघडली की लांबून लाल फुलंच वाटतात. तोहोनो ओओधाम लोकांचं नवं वर्ष ह्या फळांपासून सुरू होतं. सवारोच्याच दोन पट्ट्या एकमेकींना बांधून लांब आकडी करतात, तिने फळं पाडतात, गर आटवून काकवीसारखा पाक करतात, आणि पाऊस यावा म्हणून त्याचंच मद्य करून पितात. गर काढलेली साल फेकून देत नाहीत, लाल अंग आभाळाकडे करून झाडाच्या पायाशी मांडतात. सवारो त्यांना माणसासारखा. आम्ही त्याला वाचवतो असं म्हणताना मला हे आठवतं. त्यांच्यासाठी तो शेकडो वर्षं इथला शेजारी आहे.

फिनिक्समध्ये 2023 च्या उन्हाळ्यात सलग 31 दिवस पारा 43 अंशांच्या वर गेला, तेव्हा उभे सवारो मोडून पडले. नुसत्या दिवसाच्या उन्हाने ते होत नाही. हे झाड दिवसा रंध्रं मिटून बसतं आणि रात्री गारव्यात श्वास घेतं. रात्रच तापलेली राहिली तर त्याने श्वास घ्यायचा कधी?

30 जून

सकाळी साडेसातला ताईचा फोन, तिथे रात्रीचे आठ. तुकोबांची पालखी नाना पेठेत पोचली होती. गर्दीतून तिने फोन उंच धरला, मला निवडुंग्या विठोबाच्या देवळाचा दरवाजा दिसला आणि टाळांचा आवाज आला. निवडुंगाच्या बनात मूर्ती सापडली म्हणून हे नाव, असं आई सांगायची. पालखीच्या मुक्कामाच्या दोन रात्री आमच्या घरी वारकरी झोपायचे, गॅलरीत सुद्धा. त्यांतल्या एकाने माझ्या लाल गेंदाकडे पाहून विचारलं होतं, पोरी, देवाचं झाड कुंडीत का कोंडलंस?

ताईला म्हटलं, थांब, तुला गंमत दाखवते. अंगणातल्या फड्यावर पांढरा कापूस आल्यासारखे ठिपके होते. एक चिमटीत चिरडला, बोटं लालभडक झाली, पिंजरीसारखी. हा कोचिनील किडा. 1795 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने ह्या रंगाच्या लोभाने तो भारतात आणवला, पण आला तो रंग कमी देणारा भलताच भाऊबंद. 1926 मध्ये श्रीलंकेतून आणखी एक जात आणली, ती माजलेला फड्या संपवायला, आणि दक्षिणेतली फड्याची रानं तिने काही वर्षांत बसवली. आजी सांगायची, गावची कुंपणं एका हंगामात ओली होऊन खाली बसली, लोक पाहत राहिले. शेर, साबर आपल्याकडे जुने, कापले की चीक येतो. फड्या इथला, अमेरिकेचा. अंजन तिकडचं ते इथे, फड्या इथला तो तिकडे. दोन्ही माणसांनीच नेले.

ताई म्हणाली, तू आता हात धू आणि तोंडाला लावू नकोस.

12 जुलै

पाऊस आला! चारला वारा सुटला, धुळीची भिंत, मग क्रिओसोट झुडपांचा तो ओला वास, आणि वीस मिनिटं मुसळधार. मी अंगणात उभी राहून भिजले.

संध्याकाळी, जानेवारीत झाडं काढली त्या जागेवरून गाडी नेली. रस्ते डांबरी झाले आहेत. पालो वेर्दे नाही, झुडपं नाहीत, ओढ्याचा काठ सरळ केलेला. एक वीस फुटी सवारो चौकातल्या गोलात आणून लावला आहे, चारी बाजूंनी लाकडी टेकू देऊन. मोठा सवारो हलवल्यावर साठवलेल्या पाण्यावर काही वर्षं हिरवा राहतो, त्यामुळे तो जगला की नाही हे आज पाहून सांगता येत नाही. आम्ही काढलेल्या 114 पैकी 103 अजून आहेत. पण तिथे जमिनीत बिया होत्या, मुंग्यांची वारुळं होती, रात्री फुलांवर येणारे पतंग होते. ते कुठल्या पिशवीत भरणार होतो? परतताना ह्यांनी रेडिओ लावला, मी बंद केला.

17 जुलै

पावसानंतर पाचव्या दिवशी मामिलारियांनी मुकुट घातले. गुलाबी फुलांची गोल कडी, प्रत्येक झाडाच्या डोक्यावर एक. वीतभर सवारोचा शेंडा फुगून नवे काटे आले, लालसर, अजून मऊ.

18 ऑगस्ट

बॅरलला नऊ कळ्या आल्या आहेत, डोक्यावर गोल, दक्षिणेच्या अंगाला जरा जास्त. दोन उमललेल्या, नारिंगी.

आज त्याला न्यायला एक शिक्षक जोडपं आलं. शाळेच्या अंगणात लावणार आहेत, मुलांना दाखवायला. वर्षभर फार पाणी घालू नका, झाडाभोवती आळं करू नका, पहिला उन्हाळा जाळीची सावली द्या, हे सगळं सांगितलं, दोनदा सांगितलं. खात्याची चिठ्ठी तशीच ठेवायला सांगितली. काट्यावरचा निळा धागा सात महिन्यांच्या उन्हाने पांढरा पडला होता, ओढल्याबरोबर तुटला. नवा आणून त्याच काट्याला बांधला, दुहेरी गाठ मारून.

गाडीत झाड आडवं करताना बाईंनी विचारलं, हा धागा नेमका कुठे यायला हवा? मी कुंपणापलीकडे सान्ता रीता डोंगराकडे बोट दाखवलं. तिथे तेव्हा ढग दाटत होते.